‘आम्ही’ आणि ‘आपण’ : निधर्मी विद्यार्थी आणि मराठी विवेकवादी वाङ्मयाची भाषा

१

धर्म न मानणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी काही पाश्चात्त्य विद्यापीठांत एक स्वतंत्र पद निर्माण झाले आहे. ख्रिस्ती परंपरेतील विद्यापीठांत चॅप्लिन नावाचा धर्माधिकारी पूर्वापार असे. प्रार्थनागृह सांभाळणे हे त्याचे एक काम. आजारी, शोकग्रस्त, घरापासून दुरावलेल्या विद्यार्थ्याजवळ जाऊन बसणे हे त्याचे दुसरे आणि पुष्कळदा अधिक महत्त्वाचे काम. हार्वर्ड विद्यापीठात १९७४ मध्ये टॉमस फेरिक ह्या माजी कॅथलिक धर्मोपदेशकाने हे दुसरे काम ईश्वराच्या आधाराविना करण्याचा उपक्रम मांडला. त्याच पदावर पुढे आलेले ग्रेग एपस्टाइन ह्यांची २०२१ मध्ये त्या विद्यापीठातील नाना धर्मांच्या चॅप्लिनांनी आपले अध्यक्ष म्हणून निवड केली. हॉलंडमध्ये ह्या विचाराने अधिक व्यापक रूप घेतले. तेथे याप फान प्राग प्रभृतींनी १९४६ मध्ये मानवतावादी संघ स्थापन केला. त्याचे मार्गदर्शक सैन्यात, तुरुंगांत आणि रुग्णालयांत पाद्र्यांच्या बरोबरीने काम करू लागले, आणि १९८९ पासून युट्रेख्ट येथे ह्या विद्येचे स्वतंत्र विद्यापीठ चालू आहे.

ह्या पदाला मराठीत काय म्हणावे? ‘पुरोहित’ म्हणावे तर त्याचा संबंध विधीशी आणि दक्षिणेशी येतो. ‘धर्मगुरू’ हा शब्द तर वदतोव्याघातच ठरेल. ‘उपदेशक’ उंचावरून बोलतो, आणि ‘समुपदेशक’ हा शब्द आज मानसिक अडचणीच्या उपचाराशी जोडला गेला आहे. भाषांतराची ही अडचण केवळ कोशाची अडचण नव्हे. एखाद्या भाषेत एखाद्या नात्यासाठी शब्द सापडत नाही, तेव्हा ते नाते त्या समाजात नाही, असा निष्कर्ष घाईचा असतो. परंतु त्या नात्याचा पुरेसा विचार झालेला नाही, एवढा निष्कर्ष बहुधा बरोबर असतो.

प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे. मराठीतील विवेकवादी वाङ्मय दीडशे वर्षांचे आहे, आणि भारतीय भाषांत ते अग्रगण्य ठरावे इतके समृद्ध आहे. त्या वाङ्मयाने खंडनाची भाषा परिणत अवस्थेला नेली. सोबतीची भाषा मात्र त्यात मोजक्याच ठिकाणी घडली. ती जेथे घडली त्या ठिकाणांची नीट ओळख झाल्याखेरीज निधर्मी विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मराठीत उत्तर देता येणार नाही.

हा प्रश्न परदेशीय वाटण्याचे कारण नाही. नागपूरहून अमरावतीकडे निघाले की विद्यापीठाचा परिसर मागे पडतो आणि पुढे वाडी लागते. मालवाहतुकीची कोठारे, जवळची आयुधनिर्माणी आणि भाड्याच्या खोल्या ही तिची ओळख. अशा वसाहतीत बाहेरगावचा जो विद्यार्थी खोली घेऊन राहतो, त्याला सोबत बहुधा उत्सवमंडळातून, जातीच्या संघटनेतून किंवा भजन-सत्संगातून मिळते. वर्गणी मागायला येणारा मुलगा हा त्याच्या दाराशी येणारा पहिला शेजारी असतो. ज्याने विचारपूर्वक देव सोडला, त्याला देवाबरोबर हा शेजारही सोडावा लागतो काय, हा येथील प्रश्न आहे.

२

प्रथम नामांचा विचार करावा. ‘नास्तिक’ हा शब्द पाणिनीला ठाऊक आहे. ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, अशी त्याची व्युत्पत्ती आहे. मनुस्मृतीत तोच शब्द वेदांची निंदा करणाऱ्याकडे वळतो. म्हणजे एका अर्थी तो नकाराचे नाव आहे, तर दुसऱ्या अर्थी आरोपाचे. ‘निरीश्वरवादी’ हा दर्शनशास्त्रातला शब्द असून तो सांख्यांनाही लागतो. ‘निधर्मी’ हा शब्द व्यवहारात राज्यसंस्थेविषयी आणि बऱ्याचदा उपहासाने वापरला गेला. ‘इहवादी’, ‘बुद्धिप्रामाण्यवादी’, ‘विवेकवादी’ हे विधायक शब्द आहेत. परंतु त्या प्रत्येकाच्या शेवटी ‘वादी’ आहे. ते मताला नाव देतात. जेवणाऱ्या, आजारी पडणाऱ्या, आई वारल्याची बातमी ऐकणाऱ्या माणसाला ते नाव देत नाहीत.

कायद्याच्या भाषेतही नकाराचे हे वर्चस्व दिसते. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यान्वये लग्न करू इच्छिणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही, असे प्रतिज्ञेवर सांगावे लागे. नव्या संसाराचे पहिले वाक्य नकारार्थी असे. १९५४ च्या कायद्याने ती अट गेली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, कोणत्याही नागरिकास आपला धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही आणि आपण कोणत्याच धर्माचे नाही असे म्हणण्याचा त्यास अधिकार आहे, असा निर्णय दिला. २०११ च्या जनगणनेत ‘धर्म न सांगितलेले’ ह्या सदराखाली देशात सुमारे २८ लाख ६७ हजार माणसे आहेत. अर्थात न सांगणे आणि न मानणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. तथापि ह्या सदराच्या नावातही पुन्हा ‘न’ आहेच, हे लक्षणीय आहे.

ह्या उणिवेची खरी झळ शोकाच्या प्रसंगी लागते. मराठीत मृत्यू सांगण्याचे बहुतेक शब्द मृताला कोठेतरी वसवितात. कैलासवासी, वैकुंठवासी, स्वर्गवासी, ख्रिस्तवासी, पैगंबरवासी ह्यांपैकी प्रत्येक शब्दाबरोबर एक लोक आणि एक समाज येतो. ‘देवाज्ञा झाली’ ह्या शब्दांत तर कारणमीमांसाही आहे. सांत्वनासाठी येणारा माणूस मृताच्या आत्म्याला शांती मागतो किंवा ईश्वराकडे सद्गती मागतो. ज्याला आत्मा आणि ईश्वर दोन्ही मान्य नाहीत, त्याच्या वाट्याला ‘निधन’, ‘कालवश’, ‘दिवंगत’ असे वृत्तपत्री शब्द उरतात, आणि त्यांतलाही शेवटचा शब्द मुळात ‘स्वर्गास गेलेला’ असाच आहे. ‘श्रद्धांजली’ नको म्हणून ‘आदरांजली’ म्हणावे, एवढीच सोय त्याला उरते.

मालिनोव्स्की ह्यांनी १९२३ मध्ये भाषेच्या एका कार्याकडे लक्ष वेधले. माहिती देणे हा ज्याचा हेतू नाही, माणसामाणसांतील संबंध जुळवून धरणे एवढाच ज्याचा हेतू आहे, असे पुष्कळ बोलणे माणसे करीत असतात. सांत्वन हे त्याचे सर्वांत शुद्ध उदाहरण होय. ‘देवाची इच्छा’ असे म्हणणारी शेजारीण सृष्टीच्या कारणाविषयी सिद्धांत मांडीत नसते. ती ‘मी येथे आहे’ एवढेच सांगत असते. तिच्या वाक्याचे तार्किक खंडन करणे सोपे आहे. परंतु त्या वाक्याने केलेले काम दुसऱ्या कोणत्या वाक्याने करावे, हे सांगणे कठीण आहे, आणि विवेकवादी वाङ्मयाची कसोटी येथे लागते.

३

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ मध्ये ऐकणारा समाविष्ट नसतो. ‘आपण’ मध्ये तो असतो. मराठीचे हे वैशिष्ट्य भाषाशास्त्रज्ञ द्राविड भाषांच्या संपर्काशी जोडतात. शिवाय ‘आपण’ हेच सर्वनाम आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे, म्हणजे समोरच्याला सामावून घेणे आणि त्याला मान देणे ही दोन्ही कामे मराठी एकाच शब्दाकडून करून घेते. खंडनाची भाषा ‘आम्ही’ ची असते आणि सोबतीची ‘आपण’ ची, असे सूत्र मांडून विवेकवादी वाङ्मय वाचले असता बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. येथे ही सर्वनामे केवळ पृष्ठावर छापलेली रूपे म्हणून घेतलेली नाहीत; लेखक वाचकाला कोठे उभे करतो, ह्याची ती खूण समजावयाची आहे.

गोपाळ गणेश आगरकरांचे गद्य ‘आम्ही’ चे गद्य आहे. ‘सुधारक’ १८८८ मध्ये निघाला. त्यातील ‘आम्ही’ हा संपादकाचा ‘आम्ही’ तर आहेच. पण तो त्याहून अधिक काही आहे. थोड्यांनी पुष्कळांसमोर उभे राहून बोलण्याचा तो पवित्रा आहे. ‘देवतोत्पत्ति’ सारख्या निबंधात देवकल्पनेचा उगम तपासताना त्यांची वाक्ये पायरी-पायरीने चढत जातात आणि वाचकाला निष्कर्षापासून पळण्यास जागा ठेवीत नाहीत. ह्या शैलीला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याची प्रेतयात्रा तो जिवंत असताना पुण्यात काढण्यात आली, त्या लेखकाने ‘आपण’ म्हणावे तरी कोणाला? ‘आम्ही’ ही त्याच्यावर परिस्थितीने लादलेली व्याकरणिक निवड होती.

परंतु आगरकर केवळ संपादक नव्हते. ते महाविद्यालयीन अध्यापक होते, आणि १८९२ पासून १८९५ मधील मृत्यूपर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ईश्वराविषयी अज्ञेयवादी असलेला हा माणूस रोज तरुण विद्यार्थ्यांसमोर उभा राहत होता. त्या विद्यार्थ्यांपैकी ज्याची जुनी श्रद्धा त्यांच्या विचारांनी मोडली असेल, त्याने पुढे कोणाबरोबर राहावे, सण कसा घालवावा, वडील गेल्यावर काय करावे, ह्याचे उत्तर त्या निबंधांत शोधावे तर तेथे वैयक्तिक धैर्याचा आदर्श मिळतो. संस्था किंवा रीत मिळत नाही. आपल्या दहनाच्या खर्चापुरते पैसे आगरकरांनी पुडीत बांधून ठेवले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या पुडीत त्यांचा स्वाभिमान आणि पत्नीविषयीची काळजी दोन्ही दिसतात. अशा माणसाच्या चितेजवळ काय बोलावे, ही व्यवस्था मात्र त्यांच्या पिढीने केली नाही.

हीच परंपरा पुढे शास्त्रीय झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांचा ‘हिंदुधर्माची समीक्षा’ हा ग्रंथ नागपूर विद्यापीठात त्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून सिद्ध झाला. त्याची भाषा तृतीयपुरुषी, विश्लेषक, अलिप्त आहे, आणि विद्यापीठीय व्याख्यानाला तीच शोभते. मानवेंद्रनाथ रॉय ह्यांच्या नवमानवतावादाने तर्कतीर्थांसह महाराष्ट्रातील अनेक विचारवंतांना आकृष्ट केले. पण तो प्रवाहही मुख्यतः अभ्यासमंडळांचा राहिला. अभ्यासमंडळात माणूस आपले मत घेऊन येतो. आपले दुःख घेऊन येण्यास तेथे विषयपत्रिकेत जागा नसते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या वाङ्मयाला मोठा वाचकवर्ग मिळवून देण्याचे श्रेय डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांना आहे. १९८२ मध्ये नागपुरात श्याम मानव ह्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. १९८९ मध्ये दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. त्यांची भाषा आगरकरांहून मृदू आहे. प्रश्नकर्त्याचा ती अवमान करीत नाही. तथापि ‘भ्रम आणि निरास’, ‘तिमिरातुनी तेजाकडे’ ही ग्रंथनामे पाहावीत. दुसऱ्या नावावर बृहदारण्यकोपनिषदातील प्रसिद्ध प्रार्थनेची छाया उघड आहे. परंतु मूळ प्रार्थनेत नेला जाणारा ‘मी’ आहे आणि नेणारा संबोधित आहे. ग्रंथनामात दोघेही गळले. प्रस्थान आणि दिशा एवढेच राहिले. ईश्वर नाकारल्यावर प्रार्थनेतील ‘तू’ जाणार हे ओघानेच आले. त्याबरोबर ‘मी’ ही का जावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. समितीने देव आणि धर्म ह्यांना सरसकट विरोध केला नाही. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना केला. चळवळ म्हणून ही भूमिका योग्यच होती, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा खून झाल्यानंतर त्याच वर्षी संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याला तिचाच आधार होता. परंतु ह्याच भूमिकेमुळे निधर्मी विद्यार्थी हा समितीचा कार्यकर्ता होऊ शकला, तरी निधर्मी म्हणून तिचा विषय होऊ शकला नाही.

४

ह्या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले ह्यांचे वेगळेपण उठून दिसते. ते कालक्रमाने आगरकरांच्या आधीचे आहेत, पण प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने त्यांच्या पुढचे आहेत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरोहिताविना पहिला विवाह लागला. नकार आणि पर्याय ह्यांत केवळ तीन महिन्यांचे अंतर आहे. पुरोहित नको असे म्हणताच, मग मांडवात उभे राहून बोलावयाचे कोणी आणि काय, हा प्रश्न फुल्यांनी आपला मानला. हा प्रश्न किती खरा होता हे ओतूरच्या प्रकरणावरून दिसते. तेथे पुरोहिताला न बोलावता लग्ने लागली, तेव्हा ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी न्यायालय गाठले. लग्नात कोणी बोलावे, हा तेव्हा दिवाणी वादाचा विषय होता.

१८८७ मध्ये फुल्यांनी समाजाची मंगलाष्टके आणि पूजाविधी प्रसिद्ध केले. भाषिक दृष्टीने ती मंगलाष्टके हा एक महत्त्वाचा प्रयोग आहे. रूढ मंगलाष्टकांत वधू-वर मूक असतात. बोलतो तो भटजी, तोही बहुधा त्यांना न कळणाऱ्या भाषेत. फुल्यांनी वधूला आणि वराला बोलते केले. वधू म्हणते की आम्हां स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, तो देण्याची शपथ तू घे. वर स्त्रियांच्या अधिकारांसाठी झटण्याचे वचन देतो. येथे वधूचा ‘आम्ही’ वराला वगळणारा आहे, आणि ते योग्यच आहे, कारण तिची तक्रार त्याच्याच जातीविरुद्ध, म्हणजे पुरुषजातीविरुद्ध आहे. वचन मिळाल्यावर मग दोघांचा संसार सुरू होतो. भांडण लपवून ‘आपण’ म्हणण्यापेक्षा भांडण मांडून ‘आपण’ पर्यंत येणे हा अधिक प्रामाणिक मार्ग आहे, आणि फुल्यांनी तो विधीच्या रचनेतच बांधला. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ च्या हार्वर्ड व्याख्यानांत ज्यांना कृतिरूप उक्ती मानले, म्हणजे जे उच्चारणे हेच करणे असते, तशी ही वाक्ये आहेत. खंडनाच्या निबंधात अशी वाक्ये येऊ शकत नाहीत. निबंध वर्णन करतो, वचन देत नाही.

‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ मध्ये, म्हणजे फुल्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्याची रचना प्रश्नोत्तरांची आहे, आणि प्रश्न विचारणारे सहकारी आपापल्या नावांनिशी येतात. संवाद हा प्रकार मराठी गद्याला नवा नव्हता. मिशनऱ्यांनी तो भरपूर वापरला होता. परंतु मिशनऱ्यांच्या संवादात प्रश्नकर्ता शेवटी हरावयाचा असतो. येथे तो हरत नाही. तो सोबत राहतो. सत्यवर्तन कोणाचे, ह्याची तेहतीस लक्षणे ह्या ग्रंथात आहेत, आणि जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रसंगी काय करावे ह्याचेही दिग्दर्शन आहे. मृत्यूच्या प्रसंगासाठी साधी रीत सांगणारा तत्कालीन सुधारक म्हणून फुल्यांची नोंद तत्त्वचिंतनाच्या इतिहासात क्वचितच होते. ती व्हावयास हवी.

ह्या ग्रंथातील एका कुटुंबाची कल्पना येथे विशेष प्रस्तुत आहे. त्या घरातील स्त्री बौद्ध मताची पुस्तके वाचून बौद्ध व्हावी, तिच्या पतीने ख्रिस्ती व्हावे, मुलीने इस्लाम स्वीकारावा, मुलाने सत्यधर्मी व्हावे, आणि तरीही सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एकत्र राहावे, असे फुले सुचवितात. समाज एकत्र राहण्यास मतैक्याची गरज नाही, हा विचार इतक्या घरगुती रूपात मराठीत त्यापूर्वी कोणी मांडला असेल, असे वाटत नाही.

तरीही समीक्षकाने एक उणीव दाखविली पाहिजे. त्या घरात चार खोल्या आहेत; पाचवी नाही. फुले स्वतः ‘निर्मिक’ मानणारे होते. त्यांच्या घरात बौद्ध स्त्रीला जागा आहे, परंतु कोणताच धर्मग्रंथ न स्वीकारणाऱ्या मुलाचा उल्लेख नाही. आजच्या निधर्मी विद्यार्थ्याचा वारसाहक्क फुल्यांच्या ग्रंथावर आहे, पण त्या घरातील आपली खोली त्याला स्वतः बांधावी लागणार आहे.

५

विद्यार्थ्यांच्या सोबतीचा महाराष्ट्रातील इतिहास हा मुख्यतः वसतिगृहांचा इतिहास आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभारली ती मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा समाजवार. ज्या काळी निराळ्या जातीच्या मुलाला जेवण मिळणेच दुरापास्त होते, त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, ‘कोणाचा मुलगा’ ह्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय विद्यार्थ्याला छप्पर मिळेना. जात किंवा धर्म हे सोबतीचे प्रवेशपत्र ठरले.

ते प्रवेशपत्र फाडण्याचे काम कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी केले. सत्यशोधक विचारात वाढलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तेथे मुले एकत्र राबत, एकत्र शिजवीत, एका पंगतीत जेवत. ह्या वसतिगृहाने समतेचा सिद्धांत कोणाला पाठ करावयास लावला नाही. त्याने पंगत मांडली. ‘आपण’ हे सर्वनाम तेथे स्वयंपाकघरात घडले.

ह्याच काळातील दुसरे उदाहरण साने गुरुजींचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक रोज लिहून काढीत. मुलांचे अस्ताव्यस्त सामान न बोलता आवरून ठेवीत. साने गुरुजी भाविक होते. त्यांना निधर्मी ठरविणे हास्यास्पद होईल. पण चॅप्लिन ह्या शब्दाने ज्या दुसऱ्या कामाचा बोध होतो, ते काम मराठी शिक्षणसंस्थेत कोणी केले असेल तर ते छात्रालयातील अशा शिक्षकाने केले, आणि ते करताना त्याने मुलाला धर्म विचारला नाही. आजच्या वसतिगृहांतील रेक्टर हे पद त्याच परंपरेतले आहे. त्याच्याकडे आता हजेरी आणि शुल्क एवढेच उरले, ही त्या परंपरेची हानी होय.

६

नागपुरात हा प्रश्न मांडताना १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस वगळून चालणार नाही. विवेकवादी भूमिकेवरील सर्वांत गंभीर आक्षेप त्या दिवशी ह्याच शहरात कृतीने नोंदविला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी जन्माने लाभलेला धर्म सोडला, परंतु धर्मविहीनता स्वीकारली नाही. बुद्धी आणि नीती ह्यांना टिकून राहण्यासाठी एका समाजाचे अधिष्ठान हवे, केवळ व्यक्तीचे पटलेले मत पुरत नाही, हा त्यांचा निर्णय होता. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात त्यांनी धम्म हा सामाजिक आहे, ह्यावर भर दिला तो ह्याच कारणाने.

त्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञांची रचना अभ्यसनीय आहे. आरंभीच्या प्रतिज्ञा बहुतांशी नकाराच्या आहेत: अमुक देवांना मानणार नाही, श्राद्ध व पिंडदान करणार नाही. नवव्या प्रतिज्ञेत सर्व माणसे समान असल्याची मान्यता येते आणि तेथून विधायक आचाराकडे वळण लागते. खंडन टाळलेले नाही. पण ते उंबरठ्यावर ठेवून मनुष्य आत जातो. प्रत्येक प्रतिज्ञा ‘मी’ ची आहे, आणि लाखोंनी ती एका वेळी उच्चारली. एकाच क्षणी सर्वांनी म्हटलेला ‘मी’ हा ‘आपण’ होतो. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास ह्यांनी रूढ केलेल्या ‘जय भीम’ ह्या अभिवादनानेही हेच साधले. परक्या गावी दोन अनोळखी विद्यार्थी ह्या दोन शब्दांनी एकमेकांचे होतात. निधर्मी विद्यार्थ्यापाशी असे अभिवादन नाही.

आंबेडकरांच्या आक्षेपाला उत्तर काय? तो निम्मा मान्य करणे हेच प्रामाणिक उत्तर आहे. सहवासाची, प्रसंगांची आणि वचनांची रीत नसेल तर विवेक हा एकट्याचा छंद होतो आणि पहिल्या मोठ्या दुःखात माणूस नाइलाजाने जुन्या दाराशी परत जातो. एवढे मान्य करावे. परंतु ती रीत धर्माच्याच नावाने असली पाहिजे, हा पुढचा निष्कर्ष त्यातून अपरिहार्यपणे निघत नाही. साताऱ्याच्या पंगतीला धर्माचे नाव नव्हते.

७

अलीकडील काळात महाराष्ट्रात ह्या दिशेने काही पावले पडली आहेत, आणि त्यांची भाषाच त्यांची साक्ष देते. महाविद्यालयांतील विवेकवाहिनी, जोडीदाराची विवेकी निवड हा युवकांसाठीचा उपक्रम, आणि भावनिक आधार देण्यासाठी सामान्य कार्यकर्त्यांना शिक्षण देणारा मानसमित्र हा उपक्रम ही त्यांची उदाहरणे होत. ‘निर्मूलन’ ह्या शब्दापासून ‘निवड’ आणि ‘मित्र’ ह्या शब्दांपर्यंतचा हा प्रवास अर्थपूर्ण आहे. पहिल्या शब्दात काहीतरी उपटावयाचे आहे. पुढच्या दोहोंत एक माणूस आहे, त्याला निर्णय घ्यावयाचा आहे, आणि त्याच्याजवळ कोणी बसले आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. पुरोहित घालवून पुन्हा नवा, देव नसलेला पुरोहित आणावयाचा काय? पाश्चात्त्य पदाची नक्कल केली तर हा धोका खरा आहे. पगारी, अधिकृत, एकट्याच्या हाती असलेले पद हे मध्यस्थी निर्माण करते, आणि सत्यशोधक समाजाचा सारा झगडा मध्यस्थाविरुद्धच होता. परंतु त्याच समाजाने ह्याचे उत्तरही दिले आहे. त्याच्या विधीत बोलण्याचा अधिकार जन्माने किंवा पदाने कोणाकडे नव्हता. समाजातील कोणीही जाणता माणूस तो चालवू शके. काम राहते, पद राहत नाही. हॉलंडच्या अनुभवातून घ्यावयाचे ते एवढेच की, अशा कामालाही शिक्षण लागते. सद्भावना पुरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, हे काम मानसोपचाराचे आहे आणि ते तज्ज्ञांकडे सोपवावे. आजाराच्या बाबतीत हे निर्विवाद आहे. परंतु शोक हा आजार नव्हे. बापाच्या तेराव्याला बसण्यास नकार देऊन खोलीवर परतलेल्या मुलाला रोग झालेला नसतो. त्याला त्या संध्याकाळी जेवायला बोलावणारे घर हवे असते. समुपदेशक ‘तुला काय वाटते’ असे विचारतो; सोबती ‘आपण जेवू या’ असे म्हणतो. दोन्ही वाक्यांना जागा आहे, पण एक दुसऱ्याचे काम करू शकत नाही.

तेव्हा चॅप्लिन ह्या शब्दासाठी मराठीत नवा संस्कृत शब्द घडविण्याची निकड नाही. ‘सोबती’ हा शब्द पुरेसा आहे. त्यात पद नाही, पायरी नाही. आणि तो वाटेवरचा शब्द असल्यामुळे दोघेही चालत आहेत, एवढे त्यात गृहीत आहे. वाडीसारख्या वस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांना जे करता येईल ते फार खर्चाचे नाही. आठवड्यातून एक सामाईक जेवण, ज्यात कोणाचा धर्म विचारला जात नाही आणि कोणी तो सांगितला तर हसले जात नाही. दोन-तीन अध्यापक व वरच्या वर्गातील काही विद्यार्थी, ज्यांनी दुःखिताजवळ बसण्याचे शिक्षण घेतले आहे. आणि लग्न, मृत्यू, घरापासूनचा दुरावा अशा प्रसंगी वापरता येतील अशा साध्या मराठी शब्दांचा व रीतींचा एक संग्रह. ह्यांतील तिसरे काम भाषेच्या विभागाचे आहे. ते दुसऱ्या कोणाकडून होण्याची अपेक्षा धरता येत नाही.

विवेकवादी वाङ्मयाची जी समीक्षा वर केली, तिचा उद्देश खंडनाचे मोल कमी करण्याचा नाही. ज्या समाजात प्रश्न विचारणाऱ्याचा प्राण जाऊ शकतो, तेथे खंडनाची भाषा ही चैन ठरत नाही. परंतु ती भाषा वाचून ज्याने घर सोडले, त्या विद्यार्थ्याची जबाबदारी त्या वाङ्मयावर येते. फुल्यांनी नकार दिल्यानंतर सुमारे तीन महिन्यांत मांडव घातला होता. तो हिशोब पुढच्या पिढ्यांना राखता आला नाही, आणि आजच्या विद्यापीठांनी आपल्या कामाचा आरंभ तेथूनच केला पाहिजे.